एकतीस वळणं आणि एक खड्डा

डांबरमावशीला कुणी विचारलं, "काय करता?" तर ती म्हणायची, "रस्ता करते." रस्त्यावर काम करते, असं नाही. रस्ता करते. बाकीच्या बायका स्वयंपाक करतात, धुणं करतात, तसा ती रस्ता करायची. आणि स्वयंपाक जसा आज केला म्हणून उद्या सुटत नाही, तसाच रस्ताही सुटत नाही, हे तिला जेवढं कळलं होतं तेवढं तिच्या खात्यातल्या एकाही पदवीधराला कळलेलं नव्हतं.

खात्याच्या कागदावर तिचा हुद्दा होता मैलकुली. म्हणजे डोंगरातल्या रस्त्याचा एक तुकडा एका माणसाच्या नावावर लावून द्यायचा आणि नंतर तो माणूस विसरून जायचा. मावशीच्या वाट्याला पायथ्यापासून खिंडीपर्यंतचे चौदा किलोमीटर आले होते. एकतीस वळणं. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला गुडघाभर कठडा आणि त्यापलीकडे खाली बघायचं नाही. एकोणतीस वर्षं ती हे चौदा किलोमीटर करत होती. सामान काय, तर घमेलं, फावडं, कुदळ, खराटा, डांबराचा डबा आणि एक ढकलगाडी, जिचं चाक पहिल्या दिवसापासून कुरकुरत होतं. नवऱ्यानं एकदा तेल घालायला घेतलं तर म्हणाली, "राहू द्या हो. तेवढीच सोबत."

वळणांना तिनं नावं ठेवली होती. सातवं वळण 'ओकारी', कारण बसमधल्या माणसांचा धीर बरोबर तिथंच सुटायचा. बारावं 'सासू', कारण संपलं संपलं म्हणून सुस्कारा टाकावा तर ते पुन्हा समोर उभं. एकोणिसावं 'साहेब', कारण ते आहे असं पाटीवर लिहिलेलं होतं, पण तिथं रस्ता जवळजवळ सरळच होता. त्याचं काम काय ते कुणाला कळत नव्हतं.

नवरा याच रस्त्यावर बस चालवायचा. सव्वीस वर्षं तो वर-खाली करत होता आणि ती मधे कुठंतरी खड्डा भरत असायची. तो हॉर्न द्यायचा, ती मान वर न करता फावडं उचलून दाखवायची. संसारातलं निम्मं बोलणं त्यांचं असंच झालं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी ड्रायव्हरची सवय गेली नव्हती. घरात स्वयंपाकघरातून ओटीवर येताना कोपऱ्यावर तो मोठ्यानं खाकरायचा. "आंधळं वळण आहे," म्हणायचा.

तो निवृत्त झाला त्याच वर्षी बोगदा झाला. कुणीतरी मोठ्या माणसानं फीत कापली, टाळ्या झाल्या आणि दिवसाला नऊशे गाड्यांचा रस्ता दुसऱ्या सकाळी सव्वीस गाड्यांचा झाला. लग्नघरातले पाहुणे एकाच गाडीनं निघून जावेत आणि मागं नुसता मांडव राहावा, तसं. उरले कोण? दुधाची व्हॅन, टपालाची जीप, आणि दर गुरुवारी लेकीकडे जाणारं एक म्हातारं जोडपं. त्यातल्या आजोबांना बोगदा पसंत नव्हता. "मेल्यावर जायचंच आहे जमिनीखाली, आत्तापासून सराव कशाला?" असं त्यांचं म्हणणं.

मावशी मात्र रोज सकाळी सातला ढकलगाडी घेऊन निघायचीच. गाड्या कमी झाल्या म्हणून ऊन-पाऊस कमी होत नाही, मुळं वाढायची थांबत नाहीत, कातळ खडी सांडायचा थांबत नाही.

मग एक दिवस 'सासू'च्या कठड्यावर एक जाडा माणूस उताणा पडलेला दिसला. शेजारी सायकल. मावशीला वाटलं, गेला. तिनं बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं. त्यानं डोळे उघडले आणि म्हणाला, "काय शांत आहे हो इथं."

"शांत नाही, ओस आहे," मावशी म्हणाली. "उठा. वरून दगड पडतात."

तो खालच्या शहरातला दातांचा डॉक्टर होता. दिवसभर लोकांचं ओरडणं ऐकून त्याचे कान किटले होते आणि वजन कमी करायला सांगितलं होतं. दोन्ही औषधं एकाच रस्त्यावर मिळाली म्हणून तो हरखला. पुढच्या रविवारी तो आणखी चौघांना घेऊन आला. दोन वर्षांत रविवारी दीड-दीडशे सायकली घाट चढायला लागल्या. घट्ट चड्ड्या, डोक्यावर कलिंगडाच्या फाकीसारख्या टोप्या. मावशी माणसं चेहऱ्यानं ओळखायची नाही, पोटऱ्यांनी ओळखायची. सगळे तिला एकच विचारायचे, "मावशी, किती राहिलं?" आणि ती सगळ्यांना एकच सांगायची, "हे एवढं वळण." एकोणतीस वर्षांच्या नोकरीत ती खोटं बोलली ते एवढंच.

एकदा 'ओकारी'वर उतरताना डॉक्टर घसरला आणि कोपरापासून मनगटापर्यंत सोलून निघाला. मावशीनं वाकून बघितलं. चिमूटभर खडी. मोटारीच्या चाकाला खडी म्हणजे फुटाणा, सायकलच्या चाकाला खडी म्हणजे केळ्याचं साल. त्या दिवसापासून तिनं कामाची पद्धत बदलली. नियमावली म्हणते, मधला भाग झाडावा, कारण ट्रक मधून जातात. ट्रक होते कुठं? तिनं दोन्ही कडांना दोन-दोन हातांचा पट्टा रोज लख्ख झाडायला सुरुवात केली. याला ती 'भांग काढणं' म्हणायची. सकाळी आधी रस्त्याचा भांग, मग बाकीचं.

डॉक्टरनं पुढं शांत रस्त्यांची एक पुस्तिका छापली. डोंगरातले बावीस मार्ग, कुठं चढ, कुठं पाणी, कुठं सावली. मावशीला एक प्रत आणून दिली. तिनं आपलं पान काढलं, बोट ठेवून वाचलं. "रस्ता अतिशय स्वच्छ. कारण कळत नाही."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कारण कळत नाही? डॉक्टर, कारण इथं खराटा घेऊन उभंय! दोन वर्षं कारणाला विचारताय, किती राहिलं म्हणून! दात बघून बघून डोळे गेले का तुमचे?"

डॉक्टर इतका ओशाळला की त्या दिवशी न थांबता खिंडीपर्यंत गेला.

असं सगळं बरं चाललेलं असताना खात्याचं पत्र आलं.

पत्र ड्रायव्हर नवऱ्यानं वाचलं, कारण मोठ्यानं वाचायची त्याला हौस होती. ऐकायला मावशी, आणि पायथ्याशी पंक्चरचं दुकान चालवणारा तिचा दीर. बोगद्यानंतर मोटारींची पंक्चरं गेली होती. आता त्याचं पोट सायकलवाल्यांच्या बारीक ट्यूबांवर चालत होतं. विषय होता, 'अल्प वापरातील रस्ते यादीतून वगळणेबाबत'. शुक्रवार, शनिवार, रविवार खिंडीत वाहनांची मोजणी होणार. तीन दिवसांची सरासरी दोनशेच्या खाली आली तर रस्ता यादीतून बाद. दोन्ही टोकांना फाटक लावून कुलूप. आणि मैलकुलीची बदली बोगद्यात, भिंतीच्या फरश्या धुवायला.

"फरश्या?" मावशी म्हणाली. "उभ्या?"

"भिंत म्हटल्यावर उभ्याच."

"एकोणतीस वर्षं आडवं काम केलं मी. आता म्हातारपणी उभं करू? आणि आभाळ कुठंय बोगद्यात?"

तिनं तिथल्या तिथं साहेबाला फोन लावला. साहेब म्हणजे विभागाचा अभियंता, तिच्या लेकाच्या वयाचा, बूट कायम चकचकीत, कारण ते कधी रस्त्यावर यायचेच नाहीत. "साहेब, दोनशे गाड्या नाहीत, पण सायकली आहेत. रविवारी दीडशे."

"मावशी, सायकलीचा रकाना नाही," साहेब गोड आवाजात म्हणाला. "सायकल हे वाहन नव्हे. तो व्यायाम आहे."

खात्याला रस्ता दिसत नाही, रकाना दिसतो. रकान्यात बसलं नाही ते माणूस असलं तरी हवेत विरतं. मावशीनं फोन ठेवला आणि खराटा घेऊन ती झाडलेलीच जागा पुन्हा झाडायला लागली. हे नवऱ्याला आरडाओरड्यापेक्षा भयंकर वाटलं.

दीर मात्र मांडीवर थाप मारून उठला. "वहिनी, त्यांना आकडाच पाहिजे ना? आकडा देऊ!"

"कुठून देणार भाऊजी? आभाळातून?"

"गावातून. आठ ट्रॅक्टर आहेत, तीन जीपा, शाळेची व्हॅन, पाण्याचा टँकर. वर जायचं, खिंड ओलांडायची, पलीकडं जुन्या नाक्यावर वळवायचं, परत. पुन्हा वर. मोजणारा मोजून मोजून दमेल!"

"खोटं आहे ते," मावशी म्हणाली.

"आणि सायकल म्हणजे व्यायाम, हे खरं आहे?"

मावशीनं पत्र दिराच्या हातात ठेवलं.

शुक्रवारी मोजणीदार आला. किडकिडीत माणूस, घडीची खुर्ची, काळी छत्री, मांडीवर फळी. फळीवर तक्ता. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. तो खिंडीत बसला आणि पहिला अर्धा तास काहीच आलं नाही. मग खालून घरघर सुरू झाली आणि दिवसभर थांबली नाही. ट्रॅक्टर, जीप, टँकर, ट्रॅक्टर, शाळेची व्हॅन, ट्रॅक्टर. दुपारी दिरानं कुठूनतरी शववाहिनी मिळवली. ती रिकामी होती, पण मावशीच्या नवऱ्यानं तिला जाताना-येताना नमस्कार केलाच. एका लाल ट्रॅक्टरच्या मागं मालकाची शेळी बांधलेली होती. तिला घरी ठेवली की ती ओरडायची. नवव्या फेरीला शेळीनं मोजणीदाराकडं बघितलं आणि मोजणीदारानं शेळीकडं.

चहा घेऊन गेलेली मावशी मधे येऊन उभी राहिली. "ओळखीची दिसते," ती उगाच म्हणाली.

"बाई," मोजणीदार रेघ ओढत म्हणाला, "मला गाड्या मोजायला सांगितलंय. ओळख ठेवायला सांगितलेलं नाही." आणि चहा फुंकून प्यायला. बावीस वर्षं मोजणीत काढलेला माणूस होता तो. कोणता आकडा कुठून येतो हे त्याला चांगलं ठाऊक असावं. पण विचारायचा रकाना त्याच्याकडंही नव्हता.

शुक्रवारचा आकडा तीनशे अठ्ठेचाळीस.

तिथंच थांबायला हवं होतं. पण गावाला एकदा उत्साह चढला की उतार सापडत नाही. शनिवारी सकाळी ड्रायव्हर घरातून गायब. साडेनऊला खालून असा हॉर्न आला की मावशीनं सवयीनं फावडं वर उचललं. त्याची जुनी बस! खात्यानं ती भंगारात काढली होती, एका मळेवाल्यानं ती घेऊन तिच्यात कोंबड्या ठेवल्या होत्या. ड्रायव्हरनं तीन तास खपून ती सुरू केली. कोंबड्यांना उतरवायला मात्र वेळ मिळाला नाही. प्रत्येक वळणावर हॉर्न, एकतीस वर जाताना, एकतीस खाली येताना, आणि खिडक्यांतून साठ कोंबड्या घाट बघताहेत. मावशीजवळून जाताना तो ओरडला, "अगं, गिअर अजून तसाच पडतो!"

"पिसं पडताहेत रस्त्यावर!" मावशी ओरडली. "कोण झाडणार?"

तो गेलासुद्धा. तिनं त्याच्या पाठमोऱ्या बसकडं बघितलं आणि तिला हसूही आलं, कारण तीन वर्षांत तो इतका तरणा दिसला नव्हता.

आता ही मौज बघायला शेजारच्या गावांतून माणसं आली. ती अर्थातच गाड्यांतून आली. त्यांच्या गाड्या बघून खालच्या मोठ्या रस्त्यावरच्या गाड्या वळल्या, की बाबा वर काहीतरी आहे. काय आहे ते कुणालाच माहीत नव्हतं, पण जो तो बघायला चालला होता. अकरापर्यंत एक फुगेवाला येऊन उभा राहिला. शनिवारचा आकडा, आठशे एकाहत्तर.

संध्याकाळी डॉक्टर सायकल ढकलत दिराच्या दुकानाशी आला. तोंड धुरानं काळं, भुवईला कोंबडीचं पीस. "मावशी!" तो खोकत म्हणाला. "काय मांडलंय हे? दोन वर्षं या रस्त्यावर मला फक्त माझा श्वास ऐकू यायचा! आज तोही येईना!"

"तुमच्यासाठीच चाललंय," दीर म्हणाला आणि पत्र पुढं केलं.

डॉक्टरनं ते वाचलं. मग पानं उलटायच्या सवयीनं त्यानं कागद उलटा केला. आणि भुवईवरचं पीस उडवून कागद डोळ्यांजवळ नेला.

कागदाच्या मागच्या बाजूलाही मजकूर होता. आता यात या माणसांचा तरी काय दोष? खात्यानं आजवर कधी कागदाच्या मागं काही लिहिलेलं नव्हतं. कागद वाचवणं खात्याच्या रक्तातच नाही. उंदीर मारायच्या परिपत्रकाला सुद्धा चार कोरी पानं जोडून येतात. मागची बाजू बघायची असते हे एकोणतीस वर्षांत मावशीला कुणी शिकवलं नव्हतं.

"सरासरी पाचशेच्या वर गेल्यास," डॉक्टर वाचायला लागला, "रस्त्याची श्रेणीवाढ. चौपदरीकरण. एकतीस वळणांपैकी बावीस सरळ करणे. दुतर्फा बांधकामे हटवणे. देखभाल कंत्राटदाराकडे."

"दुतर्फा म्हणजे?" दिरानं विचारलं.

"तुम्ही बसलाय ती."

दीर उठून उभा राहिला, जणू आत्ताच पाडायला आलेत. मावशीनं विचारलं, "मैलकुली?"

"तो शब्दच नाही या बाजूला."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. साहेब. आवाजात नुसता आनंद. "मावशी, अभिनंदन! दोन दिवसांचे आकडे मी वर कळवलेसुद्धा! सोबत माझी टिपणी जोडलीय, 'एका दुर्लक्षित मार्गाचे पुनरुज्जीवन'! वरचे फार खूश आहेत!"

मावशीनं फोन ठेवला. आगीतून उठून फुफाट्यात म्हणतात ते हेच. दोनशेच्या खाली गेलं तर कुलूप, पाचशेच्या वर गेलं तर बुलडोझर. रस्ता जसा आहे तसा राहायचा तर आकडा मधे बसायला हवा. डॉक्टरनं खडू घेऊन दुकानाच्या दारावर मांडणी केली. तीन दिवसांचे मिळून पंधराशे व्हायला नकोत. दोन दिवसांत बाराशे एकोणीस झालेत. उद्या दोनशे ऐंशी झाले तरी जमतं. त्यापुढं एकही नको.

"मग आपण उद्या घरी बसू," ड्रायव्हर म्हणाला. त्याच्या खांद्यावर अजून एक कोंबडी होती.

"आपण बसू हो," मावशी म्हणाली, "पण जग बसेल का? उद्या रविवार. फुगेवाला सांगून गेलाय, भावाला घेऊन येतो म्हणून. फुगेवाल्याचा अंदाज खात्यापेक्षा पक्का असतो."

ती उठली. तिच्या हातात एकच सत्ता होती, आणि एकोणतीस वर्षांत तिनं ती कधी मिरवली नव्हती. 'काम चालू, रस्ता बंद' ही पाटी. हातभर लांब आणि वीतभर खोल खड्डा पडला असेल, तर मैलकुली कुणालाही न विचारता तो भरेपर्यंत गाड्या अडवू शकते, असं नियमावलीत चक्क लिहिलेलं होतं. सायकली अडवायला मात्र सांगितलेलं नव्हतं. रकाना नव्हता ना!

"मग झालं!" दीर म्हणाला. "लावा पाटी!"

"खड्डा लागतो भाऊजी."

"असेल की एखादा."

मावशीनं त्याच्याकडं असं बघितलं की तो दोन पावलं मागं सरला.

रविवारी फटफटताना ड्रायव्हरनं स्कूटर काढली आणि मावशी मागं बसली. चौदा किलोमीटर दोघं खड्डा शोधत हिंडले. तिसऱ्या किलोमीटरला काहीतरी काळं दिसलं. ती कठड्याची सावली होती. नवव्याला पुन्हा वाटलं. ती शनिवारी कुणाचीतरी पडलेली टोपी होती. खिंडीपर्यंत गेले, परत फिरले. एक नाही. अर्धा नाही.

"एक तरी ठेवायचास," ड्रायव्हर म्हणाला. "अडीनडीला."

"तुम्हीच म्हणायचात ना, बसमधे चहा सांडत नाही आपल्या घाटात?"

"म्हणायचो. चुकलं माझं."

'सासू'च्या खालच्या अरुंद जागी तिनं स्कूटर थांबवायला लावली. तिथं एका बाजूनं कातळ पुढं आलेला, मधे खड्डा असला तर गाडीला वाव नाही, सायकलला आहे. तिनं कुदळ घेतली. पदर खोचला. कुदळ वर नेली आणि वरच ठेवली.

"काय झालं?"

"ही जागा मी बोगद्याच्या वर्षी केली," ती म्हणाली. "दोन थर दिलेत. खाली झरा आहे म्हणून."

"मग दुसरीकडं खण."

"दुसरीकडचीही मीच केलीय!"

ती खाली बसली. ड्रायव्हर पण शेजारी बसला. एकोणतीस वर्षं जिनं खड्डे भरले तिनं खड्डा पाडायचा, म्हणजे आईनंच लेकराच्या गालावर ओरखडा काढायचा. पण नाही काढला तर लेकरूच न्यायला बसलेत. मावशीनं नाक पुसलं, उठली आणि घातली कुदळ.

ठण्ण! कुदळ उडाली. रस्त्यावर ओरखडासुद्धा नाही.

दुसरा घाव. तिसरा. दहावा. डांबर जणू तिला ओळखत होतं आणि विश्वास ठेवायला तयार नव्हतं. ड्रायव्हरनं कुदळ घेतली, पाच घावांत कमरेला हात लावून उभा राहिला आणि हसायला लागला. "अगं, तुझ्या कामाची तक्रार करायची तर कुणाकडं करायची?" मग तीही हसायला लागली. हसत, धापा टाकत, आळीपाळीनं दोघांनी दीड तास तो रस्ता फोडला. सूर्य कठड्यावर आला तेव्हा खड्डा झाला होता. हातभर लांब, वीतभर खोल. नियमाच्या बाहेर बोटभर नाही.

पायथ्याला पाटी लागली. साडेसातलाच रांग होती. ड्रायव्हर लाल निशाण घेऊन उभा राहिला आणि त्या दिवशी त्याला हवं ते मिळालं, म्हणजे अडवून ठेवलेल्या मोटारवाल्यांना बोलायची संधी. "मागं घ्या! मागं म्हणजे मागं! आरसा कशाला दिलाय, केस विंचरायला?" दुपारपर्यंत सगळे कंटाळून गेले. फुगेवाला भावाला घेऊन सगळ्यांत शेवटी गेला.

सायकलवाले मात्र निशाणाखालून एकामागून एक वर गेले, त्या खड्ड्याच्या कडेनं, झाडलेल्या पट्ट्यावरून. मोजणीदार खिंडीत बसून होता. पहाटेच वर गेलेली दुधाची व्हॅन आणि पलीकडच्या बाजूनं खिंडीपर्यंत आलेल्या गवळ्यांच्या गाड्या मिळून अकरा वाहनं झाली, आणि त्यानंतर तक्त्याला हात लागला नाही. मावशी चहा घेऊन गेली तेव्हा तो खुर्चीत मागं रेलला होता.

"एकशे त्रेसष्ट सायकली गेल्या," तो म्हणाला.

"तुम्हाला मोजायच्या नव्हत्या ना?"

"मोजल्या नाहीत. गेल्या तेवढं सांगितलं." त्यानं चहा घेतला. "बाई, बावीस वर्षांत पहिल्यांदा मला कामावर झोप लागली. बरा आहे तुमचा रस्ता."

तीन दिवसांचे मिळून बाराशे तीस. सरासरी चारशे दहा. ना कुलूप, ना बुलडोझर.

मंगळवारी साहेबाची गाडी आली. साहेब उतरला तो थेट खड्ड्यापाशी. मावशीनं तो अजून भरला नव्हता. तपासणी होईल म्हणून बांबू लावून जसाच्या तसा ठेवला होता. चकचकीत बूट खड्ड्याच्या काठावर थांबले.

"मावशी, मोजणीच्या दिवशी रस्ता बंद. वरून विचारणा आलीय. हा तो खड्डा?"

"हो."

"चौकोनी आहे."

मावशीनं बघितलं. खरंच होता. खड्डा भरायचा तर आधी कडा सरळ, काटकोनात कापून घ्यायच्या असतात, नाहीतर डांबर धरत नाही. एकोणतीस वर्षांची सवय. फोडतानासुद्धा तिचा हात शिस्त सोडायला तयार नव्हता. कोपरे तर असे होते की शिंप्यानं मापं घ्यावीत.

"माझ्या रस्त्यावर खड्डासुद्धा रीतीनंच पडतो," ती म्हणाली.

"मावशी, हा कुदळीचा आहे."

मावशीनं फावडं खाली ठेवलं. मग ताठ उभी राहिली. कामाच्या बाबतीत तिला खोटं जमत नव्हतं. "हो. मीच खणला. लिहा. आणि मोजणीच्या पहिल्या दोन दिवसांत एकच शेळी चौदा वेळा खिंड चढली, तेही लिहा."

साहेबाचा चेहरा पडला. त्यानं हातातल्या फायलीकडं बघितलं. फायलीत त्याची टिपणी होती, पुनरुज्जीवनाची, वरच्यांच्या शाबासकीसकट. खड्ड्याचं खरं लिहायचं तर शेळीचं लिहावं लागणार होतं, आणि शेळीचं लिहायचं तर टिपणीखाली कुणाचं नाव होतं? आपलेच दात, आपलेच ओठ. त्यानं इकडंतिकडं बघितलं, पेन काढलं आणि आवाज उतरवून म्हणाला, "शेळीचं राहू दे. खड्ड्याचं कारण आपण 'पाऊस' लिहू."

"नाही," मावशी म्हणाली.

"नाही काय?"

"पावसानं माझ्या रस्त्याला खड्डा पडत नाही. या ठिकाणी दोन थर आहेत. तुम्ही पाऊस लिहिलात तर उद्या कुणीही म्हणेल, हिच्या हातात दम नव्हता."

"मावशी, मी तुम्हाला वाचवतोय!"

"वाचवा की. पण पाऊस नको."

"मग जड वाहतूक लिहितो. कोंबड्यांची बस."

"माझा रस्ता नऊशे गाड्या झेलत होता, साहेब. कोंबड्यांनी फुटला असं लिहिणार?"

"झाडाचं मूळ?"

"मुळं मी दर दोन महिन्यांनी छाटते. रजिस्टर दाखवू?"

साहेब घामाघूम झाला. खात्यात आजवर कुणी शिक्षेला नकार दिलेला त्यानं पाहिला होता. माफीला नकार देणारी बाई पहिलीच. ड्रायव्हर मागून खुणा करत होता, अगं घे, घे पदरात. ती बघायलाच तयार नव्हती. शेवटी साहेबानं मान वर करून कातळाकडं बघितलं.

"वरून दगड पडला," तो हळूच म्हणाला. "दगड पडून खड्डा झाला."

मावशीनंही वर बघितलं. बराच वेळ विचार केला.

"दगड चालेल," ती म्हणाली.

साहेबानं सुटकेचा श्वास टाकून लिहायला घेतलं, आणि पेन थांबलं. "पण मावशी, खड्डा चौकोनी आहे हो."

"मग दगड चौकोनी होता असं लिहा," मावशी फावडं उचलत म्हणाली. "रस्ता माझ्याकडं आहे, साहेब. डोंगर नाही. तिथं कसले दगड ठेवतात, मला काय माहीत?"